आयईएलटीएसचा पेपर झाल्यावर उत्तरांचा विचार कसा करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोथरूडमध्ये इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत परदेशी शिकायला निघालेली मुलं असतात, कॅनडाचे कागद करणारी जोडपी असतात आणि ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्या नर्स असतात. या सगळ्यांना आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. परीक्षेच्या आधी ही मंडळी जेवढं विचारतात, त्याच्या दुप्पट प्रश्न परीक्षा झाल्याच्या संध्याकाळी विचारतात. "मॅडम, एक शंका आहे" अशी सुरुवात असलेले हे मेसेज वाचता वाचता लक्षात आलं की प्रश्न फिरून फिरून तेच आहेत. म्हणून ते इथे एकत्र केले. प्रश्नांना क्रमांक आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिण्याऐवजी त्या क्रमांकाकडे पाठवलं आहे.

१. पेपर झाल्यावर उत्तरं आठवत बसावं की सोडून द्यावं?

आठवावीत, पण एकदाच, आणि कागदावर. नुसतं मनात घोळवत बसलं की चुकलेला एकच प्रश्न वीस वेळा समोर येतो आणि सरळ गेलेले पंचवीस प्रश्न एकदाही येत नाहीत. रात्री झोपताना वाटतं की सगळाच पेपर गेला. तेच लिहायला बसलात तर अर्ध्या तासात लिहून संपतं.

मात्र "मी काय उत्तर लिहिलं" यापेक्षा "मी ते उत्तर कसं काढलं" हे आठवा. त्या दिवशीचा प्रश्न पुन्हा येणार नाही. तुमची उत्तर काढायची पद्धत मात्र पुढच्या पेपरलाही तुमच्याबरोबरच असणार आहे.

२. बारावीला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. तशी आयईएलटीएसची मिळते का?

नाही. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत छायाप्रत मागवून, शिक्षकांना दाखवून मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना तीच सवय असते. आयईएलटीएसमध्ये तुमचा पेपर तुम्हाला परत कधीच दिसत नाही. निकालपत्रावर लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग या चौघांचे बँड, म्हणजे ९ पैकी गुण, येतात आणि एकूण बँड येतो. रायटिंगला ५.५ मिळाले तर व्याकरणामुळे की विषय सुटल्यामुळे, हे कुणी सांगत नाही. रीडिंगमध्ये कुठले प्रश्न चुकले तेही कळत नाही.

म्हणूनच मी या विषयावर इतकी आग्रही आहे. त्या संध्याकाळी तुम्ही लिहून ठेवाल तेवढीच तुमची उत्तरपत्रिका. दुसरी प्रत कुठेही नाही.

३. लिहून ठेवायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

साधी वही घ्या आणि चार विभागांना चार पानं द्या. प्रत्येक पानावर तीन गोष्टी उतरवा: वेळ कुठे गेला, अंदाजाने कुठे लिहिलं, आणि येत असूनही कुठे अडखळलात. वाक्यं सुंदर नसली तरी चालतील. आणि मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला बसलात की वाक्य जुळवण्यातच आठवण निसटते.

माझ्याकडे एक नर्स यायची. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीसाठी तिला रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ हवे होते. रीडिंग सारखं ६ वर अडायचं. तिची पक्की समजूत होती की आपला शब्दसंग्रह कमी पडतो, म्हणून ती रोज तीस नवे शब्द पाठ करायची. दुसऱ्या प्रयत्नानंतर तिने पहिल्यांदा वही लिहिली. त्यात एक ओळ होती: "तिसरा उतारा उघडला तेव्हा १४ मिनिटं उरली होती." रीडिंगला ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात, आणि शेवटचा उतारा बहुधा सगळ्यांत जड असतो. दुखणं शब्दांचं नव्हतंच. पहिल्या उताऱ्यावर ती तब्बल २५ मिनिटं घालवत होती, कारण प्रत्येक उत्तर तीनदा तपासल्याशिवाय तिला पुढे जाववत नव्हतं. रुग्णाचं औषध तीनदा तपासायची सवय होती ती. तिच्या कामात ती सवय मोलाची आहे, पण इथे तीच आड येत होती. आम्ही शब्दांच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि घड्याळ लावून सराव सुरू केला.

अशी ओळ वहीत सापडते, म्हणून वही लिहायची.

एक पथ्य: पेपरमधले प्रश्न, उतारे किंवा निबंधाचा विषय शब्दशः उतरवू नका. तुम्ही काय केलंत ते लिहा. कारण प्र. १२ मध्ये आहे.

४. हे कधी लिहायचं? घरी येऊन झोपलो आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं तर?

त्याच दिवशी. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या कुणाशी पेपरबद्दल बोलायच्या आधी. मित्राने "त्याचं उत्तर तर लायब्ररी होतं ना" म्हटलं की दहा मिनिटांत तुम्हालाही वाटायला लागतं, आपण तेच ऐकलं होतं. दुसऱ्याचे शब्द आपल्या आठवणीत इतके बेमालूम मिसळतात की पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

केंद्रातून बाहेर पडल्यावर कुठे तरी पंधरा मिनिटं एकटे बसा. डेक्कनच्या बाजूला असाल तर संभाजी बागेत बाक सापडतो. पीएमपीच्या बसमध्ये जागा मिळाली तर फोनवर स्वतःशीच बोलून आवाज रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन वहीत उतरवा. माझे बरेच विद्यार्थी आता असंच करतात.

५. लिसनिंगमध्ये उत्तर बरोबर ऐकलं, पण स्पेलिंग चुकलं असं वाटतंय. गुण जातो का?

हो, जातो. एकवचनाच्या जागी अनेकवचन लिहिलं किंवा शेवटचा एस राहिला तरी जातो. "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" अशी सूचना असताना तीन लिहिले तरी जातो. जोडरेघ असलेला शब्द मात्र एकच धरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात, अक्षरं मोठी असोत की लहान, तेही चालतं. चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत, त्यामुळे रिकामी जागा सोडली असेल तर तेवढं वहीत ठळक लिहा. ते पुन्हा व्हायला नको.

मराठी माणसाची इथे एक खास अडचण आहे. आपण ऐकलं तसं लिहितो, आपली लिपीच तशी आहे. "अकोमोडेशन" ऐकल्यावर त्यात दोन सी आणि दोन एम आहेत हे कान सांगत नाही, ते डोळ्यांनीच लक्षात ठेवावं लागतं. म्हणून वहीत लिसनिंगच्या चुका दोन ढिगांत टाका: ऐकूच आलं नाही ते एकीकडे, ऐकू आलं पण लिहिता आलं नाही ते दुसरीकडे. दुसरा ढीग मोठा निघाला तर आणखी पॉडकास्ट ऐकून फरक पडणार नाही. श्रुतलेखन करावं लागेल, चौथीत करायचो तसं.

रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त २ मिनिटं. ती २ मिनिटं कशी गेली, हेही लिहा.

६. रीडिंगमधल्या "फॉल्स" आणि "नॉट गिव्हन"मध्ये गोंधळ झाला. घरी आल्यावर वाटतंय सगळीच उलटी लिहिली. आता कसं ठरवायचं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उदाहरण घेऊन सांगते.

समजा उताऱ्यात एवढंच वाक्य आहे: शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १८२८ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला.

विधान पहिलं: आगीत वाड्याचं मोठं नुकसान झालं. हे ट्रू. शब्द वेगळे आहेत, अर्थ तोच आहे.

विधान दुसरं: वाडा १८१८ मध्ये जळाला. हे फॉल्स, कारण उतारा त्याच्या विरुद्ध सांगतो.

विधान तिसरं: वाडा बांधून व्हायला सुमारे दोन वर्षं लागली. इथे पुणेकराची फसगत होते. वाडा १७३२ मध्ये पूर्ण झाला हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात ट्रूकडे जातो. पण उताऱ्यात बांधकाम कधी संपलं याचा उल्लेखच नाही. उत्तर नॉट गिव्हन. खरं असूनही नॉट गिव्हन!

आता तुमच्या पेपरकडे वळा. उत्तरं आठवू नका, उत्तर देताना मनात काय चाललं होतं ते आठवा. "उताऱ्यात सापडलं नाही म्हणजे खोटंच असणार" असं म्हणत होतात का? की "हे तर सगळ्यांना माहीत आहे" असं? पहिल्या विचाराने नॉट गिव्हनची जागा फॉल्स घेतं, दुसऱ्याने ट्रू घेतं. दोन्ही एकाच पेपरात होऊ शकतं, पण बहुतेकांची एक ठरलेली खोड असते. ती कोणती, एवढं वहीत आलं तरी पुरे.

परीक्षेचे दोन प्रकार आहेत: अकॅडमिक (मुख्यतः शिक्षणासाठी) आणि जनरल ट्रेनिंग (मुख्यतः स्थलांतरासाठी). जनरल ट्रेनिंगवाल्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

७. आधी बरोबर लिहिलं होतं, शेवटच्या मिनिटाला खोडून बदललं. आता हळहळ वाटते. पहिलंच उत्तर ठेवायला हवं होतं ना?

"पहिला विचार बदलू नये" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी देतात. अभ्यासांत दिसतं ते उलट आहे: बदललेल्या उत्तरांत चुकीची बरोबर झालेली जास्त असतात, बरोबरची चुकीची झालेली कमी. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या समजुतीचं कारणही दाखवलं. बदलून चुकलेलं उत्तर मनाला जास्त लागतं, म्हणून तेच लक्षात राहतं. बदलल्यामुळे वाचलेले गुण कुणी आठवत बसत नाही.

तेव्हा "बदललं" एवढंच लिहू नका, "का बदललं" ते लिहा. पुन्हा वाचताना पुरावा सापडला म्हणून बदललं असेल तर ठीकच केलंत, मग उत्तर काहीही असो. नुसती धाकधूक झाली म्हणून बदललं असेल, किंवा "सलग तीन ट्रू कसे येतील" असं वाटलं म्हणून, तर ती सवय मोडायला हवी.

८. ४० पैकी साधारण ३० बरोबर असतील. किती बँड येईल?

लिसनिंगला ३० च्या आसपास ७, २३ च्या आसपास ६ आणि ३५ च्या आसपास ८ बँड येतात. अकॅडमिक रीडिंगचं गणितही जवळपास तेच. जनरल ट्रेनिंगचं रीडिंग तुलनेने सोपं असतं, म्हणून तिथे ३० ला ६ आणि ७ साठी ३४ च्या आसपास लागतात. पेपरच्या काठिण्यानुसार एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो.

एकूण बँड म्हणजे चौघांची सरासरी. ती .२५ वर आली तर वरच्या अर्ध्यावर जाते, .७५ वर आली तर वरच्या पूर्णांकावर. म्हणजे ६.५, ६.५, ५ आणि ७ ची सरासरी ६.२५ आणि निकाल ६.५. पण ६.५, ६.५, ५.५ आणि ६ ची सरासरी ६.१२५, आणि निकाल ६.

हा हिशेब एकदा करा आणि वही मिटा. पेपर झाल्यावर आपण मोजलेले "बरोबर" म्हणजे फक्त ज्यांच्याबद्दल खात्री वाटली ती उत्तरं, आणि प्र. ६ मधला माणूस तिसऱ्या विधानाबद्दल अगदी खात्रीने चुकतो.

९. रायटिंगच्या टास्क टूमध्ये, म्हणजे निबंधात, विषय भरकटला, हे घरी आल्यावर लक्षात आलं. सगळं गेलं का?

सगळं गेलं नाही. रायटिंग चार निकषांवर तपासतात आणि चौघांना सारखं वजन असतं: विचारलंय त्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्द नेमके आणि वेगवेगळे आहेत का, व्याकरणात वैविध्य आणि अचूकपणा आहे का. विषय भरकटला तर पहिल्या निकषाला मोठा फटका बसतो, बाकीचे तीन उभे राहतात. पण टास्क टूला टास्क वनच्या (आलेखाच्या वर्णनाच्या किंवा पत्राच्या) दुप्पट वजन आहे, त्यामुळे हा फटका जाणवतो. उगाच धीर देण्यात अर्थ नाही.

खरंच भरकटला का, हे तपासायची माझी एक रीत आहे. निबंध आठवून पुन्हा लिहू नका. प्रत्येक परिच्छेद काय म्हणत होता ते मराठीत एकेका ओळीत लिहा. "पहिल्यात मी म्हटलं की शहरात गाड्या वाढल्या कारण बससेवा अपुरी आहे." अशी ओळ पटकन लिहिता आली तर त्या परिच्छेदात मुद्दा होता. पेन अडलं, "त्यात मी जरा… प्रदूषण वगैरे…" असं व्हायला लागलं, तर तिथे मुद्दा नव्हता, नुसती वाक्यं होती. मग त्या ओळी प्रश्नाच्या प्रकाराशी जुळवून बघा. दोन्ही बाजू मांडून आपलं मत सांगायचं होतं का? मग तुमचं मत फक्त शेवटच्या वाक्यात, जाता जाता आलं का? माझ्याकडच्या वह्यांत ही ओळ सगळ्यांत जास्त वेळा सापडते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाठ केलेली सुरुवात. दहावीला आपण गाइडमधले निबंध घोटतो आणि तिथे ते खपतंही. इथले परीक्षक पाठ केलेलं ओळखायलाच शिकलेले असतात. "आजच्या धावपळीच्या जगात" या अर्थाचं घोटलेलं इंग्रजी वाक्य लिहून आला असाल तर तेही प्रामाणिकपणे नोंदवा.

टास्क वनबद्दल थोडक्यात. अकॅडमिकमध्ये आलेखातले सगळे आकडे लिहिले, पण एकंदर चित्र एका-दोन वाक्यांत सांगितलं का? जनरल ट्रेनिंगच्या पत्रात तिन्ही मुद्दे घेतले का? शब्द १५० आणि २५० भरले का? संगणकावर आकडा समोरच दिसतो, कागदावर लिहिणाऱ्यांनी ओळींवरून अंदाज घ्यावा.

१०. स्पीकिंगमध्ये परीक्षकाने मला मध्येच थांबवलं. नाराज झाले का?

नाही. मुलाखत ११ ते १४ मिनिटांत बसवावी लागते आणि प्रत्येक भागाला वेळ ठरलेली असते. क्यू कार्डवर, म्हणजे बोलायचा विषय लिहिलेल्या कार्डावर, एक मिनिट तयारी आणि जास्तीत जास्त दोन मिनिटं बोलणं. दोन मिनिटं झाली की थांबवतात. म्हणजे तुमच्याकडे दोन मिनिटं पुरेल एवढं बोलायला होतं, हे चांगलंच लक्षण आहे. चेहऱ्यावरून काही ताडू नका, ते मुद्दाम चेहरा कोरा ठेवतात. तुमचं मत पटलं की नाही याला गुण नसतात, आणि तुमचे आजोबा खरोखर सैन्यात होते का हेही कुणी तपासत नाही.

११. स्पीकिंगचं नेमकं काय आठवायचं? बोललेलं तर हवेत विरून गेलं.

शब्दशः आठवणार नाही, आठवायची गरजही नाही. चार निकष इथेही आहेत: ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. कुठे थांबलात ते आठवा, आणि तिथे शब्द सापडत नव्हता की विचारच सापडत नव्हता, ते लिहा. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. तिसऱ्या भागात "समाज", "सरकार", "पुढच्या पिढ्या" असे प्रश्न येतात तेव्हा पुष्कळांना इंग्रजी नाही, मतच सुचत नाही. मराठीत विचारलं असतं तरी सुचलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे जेवताना घरच्यांशी अशा विषयांवर वाद घालणं, आणि तो मराठीत घातला तरी उपयोग होतो.

मग मराठीच्या छाया शोधा. आपला "च" इंग्रजीत "ओन्ली" होऊन येतो: "तिथेच राहतो" चं "आय स्टे देअर ओन्ली". "कडे आहे" चं "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" होतं. "बद्दल चर्चा केली" मधला "बद्दल" "डिस्कस अबाउट" होऊन चिकटतो. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून "द" गळतो किंवा नको तिथे येतो. उच्चारांत "व्ही" आणि "डब्ल्यू" दोघांसाठी आपल्याकडे एकच "व" आहे, त्यामुळे "वेस्ट" आणि "व्हेस्ट" सारखेच ऐकू येतात.

मराठी वळणाने बोलल्याचे गुण कापत नाहीत, हे नीट समजून घ्या. ऐकणाऱ्याला समजायला त्रास झाला तरच प्रश्न येतो. म्हणून अमेरिकन उच्चारांचा आव आणणाऱ्यांना मी कळकळीने थांबवते. आपल्या आवाजात, स्वच्छ बोला.

१२. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे उत्तरं टाकतायत. माझी जुळत नाहीत. आणि मीही प्रश्न टाकले तर काय बिघडतं?

जुळत नाहीत याचा अर्थ लागत नाही, कारण पेपरचे संच वेगळे असू शकतात आणि ग्रुपवरची उत्तरं सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्याची असतात, बरोबरच असतात असं नाही.

आणि प्रश्न टाकू नका. पेपरमधला मजकूर गुप्त ठेवायचा, तो बाहेर द्यायचा नाही, हे तुम्ही नोंदणी करतानाच मान्य केलेलं असतं. नियम मोडल्याचं आढळलं तर निकाल रोखला जाऊ शकतो. ज्याच्यासाठी इतकी तयारी केली ते एका मेसेजपायी पणाला लावू नका. "मला वेळ पुरला नाही" हे सांगायला हरकत नाही. "तिसरा उतारा अमुक विषयावर होता आणि उत्तरं ही" हे सांगायला हरकत आहे.

१३. तीन पेपर झाले, स्पीकिंग अजून बाकी आहे. तोवर काय करू?

पूर्ण वही लिहू नका. हा एकच अपवाद. स्पीकिंग त्याच दिवशी असू शकतं किंवा इतर पेपरांच्या आठवडाभर आधी-नंतर. काही तासांवर असेल तर उत्तरांचा विषयच काढू नका. दोन-चार दिवसांवर असेल तर त्या संध्याकाळी फक्त रीडिंग आणि लिसनिंगच्या पाच-सहा ओळी लिहा आणि थांबा.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या परीक्षेला सकाळी तीन पेपर झाले आणि दुपारी स्पीकिंग होतं. मधल्या वेळात केंद्राबाहेरच्या अमृततुल्यमध्ये चहा घेताना एका अनोळखी मुलाशी लिसनिंगच्या उत्तरांवर बोलत बसले. माझी चार उत्तरं त्याच्यापेक्षा वेगळी निघाली. आत गेल्यावर परीक्षक माझ्या गावाबद्दल विचारत होत्या आणि मी मनात त्या चार उत्तरांपाशी उभी होते. पहिल्या भागातले साधे प्रश्नही मी त्यांना पुन्हा विचारायला लावले. लिसनिंगचा निकाल पुढे चांगला आला. पडलं ते स्पीकिंग.

१४. हेडफोन मध्येच बंद पडला, पण मी काही बोललो नाही. आता तक्रार करता येईल का?

अशी अडचण त्याच वेळी पर्यवेक्षकांना सांगायची असते, निदान केंद्र सोडायच्या आधी नोंद करून घ्यायची असते. घरी आल्यावर किंवा निकाल लागल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. तरी केंद्राला आजच ईमेल करा.

काहीजण बारावीचं उदाहरण देतात. फेब्रुवारी २०२३ च्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि नमुना उत्तर छापलं गेलं होतं, आणि मंडळाने नंतर ६ गुणांचा निर्णय विद्यार्थ्यांच्या बाजूने घेतला. पण ती चूक सगळ्यांच्या पेपरात होती. एकट्या तुमच्या हेडफोनची गोष्ट तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसते, म्हणून हात वर करायला लाजू नका.

१५. मुलगी परीक्षा देऊन आली आणि गप्प आहे. विचारलं की चिडते. आम्ही आईवडिलांनी काय करावं?

"कसा गेला?" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. त्याचं उत्तर तिच्याकडेही नाही, म्हणूनच ती चिडते. जेवायला वाढा. दुसऱ्या दिवशी विचारायचंच असेल तर "वेळ पुरला का?" असं विचारा, त्याचं उत्तर तिला देता येतं. शेजारच्या काकूंच्या मुलाला किती बँड पडले, हा विषय निकालापर्यंत घरात येऊ देऊ नका. परीक्षेला लागलेले पैसे तर अजिबात काढू नका. ते किती आहेत हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

१६. निकाल लागला, एका विभागात अर्धा बँड कमी पडला. फेरतपासणी, एकच विभाग पुन्हा, की सगळी परीक्षा पुन्हा?

इथे वही कामाला येते.

फेरतपासणीचा अर्ज परीक्षेच्या तारखेपासून ६ आठवड्यांत करावा लागतो. बँड बदलला तर शुल्क परत मिळतं. लिसनिंग आणि रीडिंगमध्ये उत्तरं ठरलेली असल्यामुळे तिथे बदलाची आशा कमी. रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये माणसाचा निर्णय असतो, म्हणून तिथे विचार करावा. पण वही उघडून बघा. टास्क टूच्या ओळी नेटक्या असतील, मुद्दे जागेवर असतील आणि बाकी तीन विभागांपेक्षा रायटिंग फारच खाली असेल, तर अर्ज करा. वहीत "शेवटचा परिच्छेद अर्धाच राहिला" असं तुमच्याच हातचं लिहिलेलं असेल तर पैसे वाचवा.

एकच विभाग पुन्हा देण्याची सोय संगणकावर परीक्षा दिलेल्यांना आहे, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत, आणि एकदाच. सगळी विद्यापीठं आणि कार्यालयं असा निकाल स्वीकारत नाहीत, तेव्हा आधी त्यांना लेखी विचारा. दोन-तीन विभागांत कमी असेल तर पूर्ण परीक्षाच द्या. निकाल २ वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे प्रवेशाची तारीख लांब असेल तर घाई नको.

१७. मला वाटलं होतं रायटिंग छान गेलं आणि रीडिंग पडलं. निकाल बरोबर उलटा आला. मग आठवून लिहिलेल्याचा उपयोग काय?

उलटा आला म्हणूनच उपयोग आहे. रायटिंग छान गेल्यासारखं वाटतं ते बहुधा पेन न अडता चाललं म्हणून. पेन भराभर चाललं याचा अर्थ तुम्ही ओळखीचं लिहीत होतात, कदाचित पाठ केलेलं. रीडिंग पडल्यासारखं वाटतं कारण तिथे डोकं शिणलं, पण शीण आला म्हणजे तुम्ही खरोखर पुरावा शोधत होतात. निकालाच्या दिवशी वहीत प्रत्येक पानाच्या खाली आलेला बँड लिहा आणि "वाटलं काय, आलं काय" एवढी एक ओळ जोडा. दोन परीक्षांनंतर आपलं वाटणं कुठल्या बाजूला झुकतं ते दिसायला लागतं.

१८. मी पीटीई दिली आहे. हेच सगळं लागू होतं का?

बरंचसं. पीटीई हीदेखील परदेशी जाणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. ती संगणकावर होते, तपासणी मुख्यतः यंत्राने होते आणि गुण १० ते ९० मध्ये येतात. फरक एक लक्षात ठेवा: एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायच्या प्रश्नांत चुकीच्या निवडीने त्याच प्रश्नातले गुण वजा होतात. त्यामुळे प्र. ५ मधला "रिकामं सोडू नका" हा सल्ला तिथे डोळे मिटून वापरू नका.

१९. रायटिंगला तिसऱ्यांदा ६ च आले. वही लिहिली, सराव केला, आता काय उरलं?

तिन्ही वह्या शेजारी ठेवा आणि तीनही वेळा आलेली ओळ शोधा. मागच्या वर्षी एका मुलाबरोबर मी हेच केलं. त्याच्या तिन्ही वह्यांत वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट होती: "उदाहरण सुचेना म्हणून पुढे गेलो." "इथे जास्त लिहायला हवं होतं." "मुद्दा मांडला आणि दुसरा घेतला." त्याचं व्याकरण चांगलं होतं, शब्द चांगले होते. एकाही मुद्द्यापाशी तो थांबत नव्हता.

आम्ही महिनाभर पूर्ण निबंध लिहिलाच नाही. रोज एक परिच्छेद, एकच मुद्दा, आणि त्याला तीनदा "म्हणजे कसं?" विचारायचं. उदाहरणं त्याच्याच रोजच्या वाटेवरची: सिंहगड रस्त्यावरची कोंडी, सोसायटीतला पाण्याचा टँकर, आजीला ऑनलाइन बिल भरता न येणं. इंग्रजी परीक्षेत पुण्याचं उदाहरण चालतं का, असं त्याने दोनदा विचारलं. चालतं. चौथ्या परीक्षेच्या संध्याकाळी त्याने वहीचा फोटो पाठवला. रायटिंगच्या पानावर दोन्ही परिच्छेद एकेका ओळीत लिहिलेले होते आणि खाली लिहिलं होतं, "वेळ कमी पडला, पण टँकरचं पूर्ण लिहिलं." निकाल यायचा होता. मी त्याला तेव्हाच कळवलं की हे पान मागच्या तिन्हींपेक्षा वेगळं आहे.